थरथरीचा दोष

आमच्या शिवणकारखान्यात मला तोंडावर मावशी म्हणतात आणि पाठीमागे भोंगा. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे खरंच आहे. एखादी गोष्ट दाबून ठेवली तर माझ्या घशाखाली घास उतरत नाही. त्यामुळे कारखान्यात कोणाला दिवस गेले, की साऱ्या जगाला कळून झाल्यावर ते मला कळतं. आणि गंमत अशी, की या बायका लपायला येतात त्या माझ्याच खोलीत. कारखान्याचं पाळणाघर मी सांभाळते.

हे असं का, ते आधी सांगते. आमच्या हॉलमध्ये मशीनच्या चार रांगा आहेत. सगळ्या एकदम सुरू झाल्या की कपातला चहासुद्धा हलतो. दिवसभर तिथे बसलेली बाई घरी गेली तरी तिच्या मांड्यांतली थरथर जात नाही. आमच्या मास्तरीणबाईंचं म्हणणं असं, की ही थरथर पोटातल्या बाळाच्या काळजाला लागते आणि ते नीट जुळायच्या आतच उसवतं. मास्तरीणबाई म्हणजे कटिंगच्या प्रमुख. मालकाचा शब्द एक वेळ खाली पडेल, त्यांचा पडत नाही. त्यामुळे रिवाजच पडून गेला. पाळी चुकली की बाईने "पाठ धरलीय" म्हणायचं, आपली पिशवी उचलायची आणि पाळणाघरात माझ्या हाताखाली येऊन बसायचं. तीन महिने कोणाला सांगायचंही नसतं, आणि मशीनवर बसायचंही नसतं. दोन्ही कामं एकाच खोलीत होत.

हा रिवाज माझ्या मुलावरून पडला अशी माझी समजूत होती. तो जन्मला तोच हृदयात दोष घेऊन. हृदयाजवळची एक नळी जन्मल्यावर आपोआप मिटायला हवी असते, ती त्याची मिटलीच नाही. दोन घोट दूध प्यायला की घामाघूम होऊन थांबायचा. चार वर्षांचा झाल्यावर ऑपरेशन झालं. डाव्या बरगड्यांवरून पाठीपर्यंत टाक्यांची रेघ अजून आहे. आज तो ट्रक चालवतो, आणि माझ्याशी भांडताना त्याला अजिबात दम लागत नाही. पण तेव्हा मी मशीनवर बाह्या जोडत होते. मास्तरीणबाई म्हणाल्या, "थरथरीने झालं गं हे. मशीन सोडायला हवं होतंस." त्यांनी ते मायेने म्हटलं असेल. माझ्या सासूने मात्र तो शब्द उचलला, मग नणंदेने, मग शेजारणीने. पोरगा नुसता खोकला तरी माझं मशीन निघायचं. आणि मीही ते खरं मानून बसले. तीस वर्षं मानलं.

या वर्षी थंडी सरता सरता पॅकिंगवालीच्या पोरीच्या अंगावर पुरळ उठलं. बारीक, गुलाबी, आधी तोंडावर आणि मग अंगभर. ताप म्हणावा तर होता, नाही म्हणावा तर नव्हता. कानामागे मात्र गाठी लागत होत्या. पोरगी खेळत होती, खात होती. मी म्हटलं, उष्णतेचं असेल. तरी पाळणाघर आहे, एकाचं दहांना व्हायचं, म्हणून तिला कडेवर घेऊन कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले. तिथली डॉक्टरीण नवीन, माझ्या मुलाहूनही लहान, पण तपासायची सावकाश आणि बोलायची त्याहून सावकाश. तिने रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर मला बोलावून न घेता ती स्वतःच चालत पाळणाघरात आली.

"मावशी, हा रुबेला आहे," ती म्हणाली. "मुलांना यातून फारसं काही होत नाही. पण या खोलीत कोणी गरोदर बाई येते का?"

"इथे कशाला येईल?" मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता माझी जीभच अडखळली. इथे येणाऱ्या सगळ्या गरोदरच तर असतात!

तिने मला समोर बसवून सांगितलं. पहिल्या तीन महिन्यांत बाईला हा आजार झाला, आणि तिला लस मिळालेली नसेल किंवा तो आधी होऊन गेलेला नसेल, तर बाळाच्या हृदयाला, डोळ्यांना, कानांना धोका. आणि हृदय तर पहिल्या दोन महिन्यांतच घडतं. बाई अजून पोट लपवत असते तेव्हाच आतलं मोठं काम उरकलेलं असतं. पुरळ दिसायच्या आधीपासून मूल आजार पसरवतं, म्हणजे नुसतं बघूनही उपयोग नाही.

"आणि मशीनच्या थरथरीचं काय?" मी विचारलं.

"कसली थरथर?" तिला कळेचना. मी सगळं समजावलं. ती हसली नाही, हे तिचं मला आवडलं. "शिलाई मशीनमुळे बाळाच्या हृदयात दोष झाल्याचं कुठे आढळलेलं नाही," ती म्हणाली. "आईची साखर फार वाढलेली असेल, काही ठरावीक औषधं चालू असतील, दारू-सिगारेट असेल, आईबापांपैकी कोणाला जन्मापासून दोष असेल, सुरुवातीला असला आजार होऊन गेला असेल, तर शक्यता वाढते. आणि पुष्कळदा यातलं काहीच नसतं, तरी होतं."

मी मुलाचं सांगितलं. तिने विचारलं, "त्या वेळी सुरुवातीला अंगावर पुरळ आलं होतं का?"

आलं होतं. दुसऱ्या महिन्यात, धाकट्या दिराला आलं तेव्हाच मलाही. चार दिवसांत गेलं आणि आम्ही विसरलो.

"मग कदाचित ते असेल. इतक्या वर्षांनी खात्रीने नाही सांगता येणार."

मला तिथेच, पाळण्याची दोरी हातात असताना, रडू फुटलं. दुःखाचं नव्हतं, रागाचं होतं. माझ्या तरुणपणाची सगळी वर्षं मला एका मशीनने आरोपी करून ठेवलं होतं. मग मी पदराने डोळे पुसले, कारण रडत बसायला वेळ नव्हता. त्या आठवड्यात पाळणाघरात कोण कोण येऊन बसलं होतं?

बटणांची काजं करणाऱ्या काजेवालीचं उघड होतं. तिची पाठ पंधरवड्यापासून धरली होती. दुसरी कोण, ते आठवायला मात्र मला वेळ लागला. आमच्याच हॉलमध्ये खिसे जोडणारी, आणि जेवणाची सुट्टी झाली की पोरांना झोपवायला रोज येणारी माझी सून! मला वाटत होतं, सुनेला सासूचा लळा लागलाय. चार जणींत माझं ते मिरवूनही झालं होतं. आणि परवाच ती पॅकिंगवालीची पोरगी तिच्या कुशीत झोपली होती, गालाला गाल लावून.

संध्याकाळी सून ओट्याशी उभी राहून भांडी घासत होती. मी मागे जाऊन उभी राहिले. "कितवा महिना?"

तिचा हात थांबला. "कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मला कोणी सांगितलं असतं तर एव्हाना सगळ्या गल्लीला कळलं असतं."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "दुसरा संपत आलाय. आई, तुम्हाला मुद्दाम नाही सांगितलं असं नाही. यांच्या हृदयाचं बाळात उतरलं तर, ही धास्ती होती. त्यात लोकांनी रोज विचारलं असतं तर मी वेडी झाले असते."

"लोकांनी म्हणजे मी."

"तुम्ही आणि तुमचे लोक," ती म्हणाली. खोटं बोलत नव्हती.

मी तिला खाली बसवलं आणि डॉक्टरणीने जे सांगितलं ते सगळं सांगितलं. लस घेतली होती का, ते तिला आठवेना. शाळेत देत होते त्या दिवशी ती बहुधा घरी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला आणि काजेवालीला घेऊन दवाखान्यात हजर. काजेवालीच्या रक्तात जुनं संरक्षण निघालं. ती दवाखान्याबाहेर येऊन मला मिठी मारून नाचली. माझ्या सुनेच्या रक्तात संरक्षण नव्हतं. आजारही अजून दिसत नव्हता. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, तोवर काही सांगता येणार नाही.

त्या तीन आठवड्यांत मी स्वस्थ बसले असते तर माझं डोकं फिरलं असतं. म्हणून मी बसलेच नाही. पाळणाघराच्या दाराला आडवं टेबल लावलं. पोरं टेबलावरून घ्यायची, टेबलावरून द्यायची. रक्त तपासल्याशिवाय एकाही तरण्या बाईने आत पाऊल टाकायचं नाही. मग मालकाच्या खोलीत जाऊन उभी राहिले. ते फोनवर होते. मी त्यांचा फोन संपेपर्यंत बोलत राहिले, शेवटी त्यांनी फोन ठेवला. लसीसाठी डॉक्टरीण कारखान्यात येणार हे तिथेच पक्कं झालं. ज्या गरोदर नाहीत त्यांनी लस घ्यायची, आणि पुढे महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत. हे मी मशीनमशीनपाशी जाऊन, वाकून, कानात सांगितलं. मी कानात बोलते हेच पुष्कळ जणींना खरं वाटेना. बहुतेकींनी लस घेतली. कॉलरवाली तेवढी टाळत राहिली. नवीन लग्न झालेली पोर, सुई पाहिली की चक्कर येते म्हणायची. "पुढच्या वेळी नक्की, मावशी," असं म्हणून ती लसीच्या दिवशी कामावरच आली नाही.

मास्तरीणबाई हे सगळं कटिंगच्या टेबलावरून बघत होत्या. एक दिवस कात्री हातात घेऊनच त्या माझ्याकडे आल्या.

"पोटुशी बाईला मशीनवर बसवणार? तुझ्या सुनेला?"

"बसवणार. पाठ दुखली तर उठून फिरेल. मालकांकडून मधली सुट्टी वाढवून घेतलीय. पण पाळणाघरात नाही."

"तुझ्या पोराचं एवढं झालं तरी तुला अक्कल आली नाही."

"बाई, ते मशीनने झालं नव्हतं."

"कालची पोर येऊन सांगते आणि तू ऐकतेस. उद्या काही झालं तर माझ्याकडे रडत येऊ नकोस." त्या गेल्या. मी म्हटलं, बघू. पण खरं सांगते, रात्री पाठ टेकली की माझ्या मनात तीच थरथर पुन्हा सुरू व्हायची. इतक्या वर्षांची भीती एका रिपोर्टाने जात नाही.

तीन आठवड्यांनी सुनेचं रक्त पुन्हा तपासलं. आजार झालेला नव्हता. तिने तो कागद मला दाखवला आणि दवाखान्यातून थेट कामावर गेली, मशीनवर बसली आणि खिसे जोडायला लागली. काजेवालीही आपल्या मशीनवर परतली. मास्तरीणबाईंनी त्या दोघींकडे बघायचंच सोडलं.

पाचव्या महिन्यात बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफी करायची होती. बापाला जन्माचा दोष होता म्हणून डॉक्टरणीने आधीच ते सांगून ठेवलं होतं. मोठ्या दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. तिथले डॉक्टर पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. एवढा वेळ लागला तेव्हाच मी समजून चुकले.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक छिद्र होतं.

"मी काय केलं?" सुनेने विचारलं. दुसरं काही विचारायच्या आधी हेच.

"काही नाही केलंत," डॉक्टर म्हणाले. "रुबेला झालेला नाही, साखर व्यवस्थित आहे. वडिलांकडून थोडा भाग आला असेल, नसेलही. कारण विचाराल तर मला माहीत नाही. छिद्र लहान आहे, अशी पुष्कळशी जन्मानंतर आपसूक बुजतात. आपण लक्ष ठेवू, आणि गरज पडलीच तर उपचार आहेत."

माझा मुलगा बाहेर बाकावर बसला होता, डावी कूस दाबून. आम्ही सांगितलं तेव्हा "माझंच आलं," तो म्हणाला.

"तुझं आलं असेल तर तुझ्यासारखं बरंही होईल," मी म्हटलं. "रडायचं तर घरी जाऊन रड. इथे लोकांना बसायला जागा नाही." तो रडत रडतच उठला, आणि सुनेने त्याचा हात धरला. त्या वेळी मला तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढा स्वतःच्या पोराचाही कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला म्हटलं, आज घरी राहा. ती केस बांधत म्हणाली, "आई, मी आज घरी राहिले तर बाईंचंच खरं होईल."

बातमी आमच्या आधी कारखान्यात पोचली होती. आणि या खेपेला मी कोणाला सांगितलं नव्हतं. मुलगा आदल्या संध्याकाळी मित्राजवळ बोलला, मित्राची बायको आमच्याच इस्त्रीच्या टेबलावर. कामाची वेळ झाली होती, तरी हॉलमध्ये एकही मशीन चालू नव्हतं. सून सगळ्यांच्या मधून चालत आपल्या जागेवर गेली. मी पाळणाघरापाशी आले. आतल्या दोन पोरांच्या अंगात सकाळपासून कणकण होती, अजून पुरळ उठलं नव्हतं.

"मी सांगत होते," मास्तरीणबाई म्हणाल्या. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

तेवढ्यात कॉलरवाली उठली. तिने मशीनखालची आपली पिशवी काढली आणि मान खाली घालून पाळणाघराच्या दिशेने निघाली. कोणी काही बोलायची गरज नव्हती. पिशवी घेऊन पाळणाघराकडे निघाली म्हणजे काय, ते आमच्याकडे सगळ्यांना कळतं. लस न घेतलेली, रक्त न तपासलेली, आणि आता दिवस गेलेली! मी टेबल दारात ओढलं आणि त्याच्या पुढे उभी राहिले.

"मावशी, बाजूला व्हा," ती म्हणाली.

"नाही होणार."

"तुमच्या सुनेचं झालं ना? ती मशीनवरच बसली होती ना? मग मला कशाला बसवता?"

"आत दोन पोरांच्या अंगात कणकण आहे. तुझ्या रक्तात काय आहे ते तुलाही माहीत नाही आणि मलाही. तू मला शिव्या घाल, मार, काही कर. या दारातून आत मी तुला जाऊ देणार नाही."

"सोड तिला!" मास्तरीणबाई ओरडल्या. "नातवंडाचं वाटोळं करून भागलं नाही का तुझं?"

हे वर्मी लागलं. माझ्या तोंडातून शब्द फुटेना, माझ्या! सून तिच्या जागेवरून उठली आणि कटिंगच्या टेबलापाशी गेली. तिचा आवाज अगदी साधा होता. "बाई, हे थरथरीचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? डोळ्यांनी बघितलंय."

"आमच्या यांचं ना?"

"तुझ्या नवऱ्याच्या आधीचं." मास्तरीणबाईंनी टेबलावरचं कापड उगाचच सरळ केलं. "माझी मुलगी. ओठ निळे, नखं निळी. दोन दिवस होती. मी तेव्हा मशीनवर होते, दिवस भरेपर्यंत मशीनवर होते. दुसरं मी काय केलं होतं? मशीनच तर चालवलं होतं." त्यांनी कापड पुन्हा सरळ केलं. "मग तुझ्या नवऱ्याचं झालं, आणि त्यानंतर एकीलाही बसू दिलं नाही मी. एकीलाही नाही."

मी या बाईबरोबर सगळं आयुष्य काढलं होतं. तिला मूल झालं होतं हेच मला माहीत नव्हतं. ती माझा छळ करते असं वाटून मी तिचा राग राग केला, आणि ती इतकी वर्षं आम्हा सगळ्यांना वाचवत होती, आपल्या मुलीला ज्याच्यापासून वाचवता आलं नाही त्याच्यापासून.

मी टेबल तसंच ठेवून त्यांच्यापाशी गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग कशाने गेली गं ती?"

माझ्या जिभेवर चार कारणं आली. साखर असेल, ताप असेल, घराण्यात असेल. त्यांना आत्ता कुठलंही चाललं असतं. मी एकही दिलं नाही.

"माहीत नाही, बाई. आता कोणालाच कळणार नाही. पण मशीनने नाही गेली. तुमच्यामुळे नाही गेली."

"पुन्हा म्हण."

"तुमच्यामुळे नाही गेली."

त्या स्टुलावर बसल्या आणि दोन्ही हात टेबलावर ठेवून रडल्या. सून आपल्या जागेवर परत गेली. तिने मशीन सुरू केलं, मग काजेवालीने केलं, मग एकेक करत सगळ्यांनी केलं. कॉलरवाली पिशवी छातीशी धरून मधेच उभी होती, पुढेही येईना आणि मागेही जाईना.

मास्तरीणबाईंनी तोंड पुसलं, उठल्या, आणि तिच्या हातातली पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली.

"चल," त्या म्हणाल्या. "आधी रक्त तपासून घेऊ. मी येते तुझ्याबरोबर."

त्या दोघी जिना उतरून गेल्या. जाताना मास्तरीणबाईंचा हात तिच्या पाठीवर होता.